साधी गोळी

१४ जुलै १९७८

दादा,

तू गेल्यापासून मागच्या खोलीतला टर्पेंटाइनचा वास कमी कमी होत चाललाय. आई म्हणते, बरं झालं, आता तिथं कपडे वाळत घालता येतील. पण काल तीच तुझ्या कॉटवर बराच वेळ नुसती बसली होती.  पाट्या रंगवायला तू एवढ्या लांब गेलास हे बाबांना अजून पटलेलं नाही.

मला तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. शाळेच्या वाटेवर दवाखाना आहे ना, त्याच्या बाहेरच्या सायकली मी रोज मोजते. मोजल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही, तुला माहीत आहे. तर नळाला गढूळ पाणी आलं की दोन दिवसांनी दवाखान्याबाहेर दुप्पट सायकली असतात. आधी वाटलं, उगीच आपलं. पण तीन वेळा तसंच झालं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, सायकली मोजण्यापेक्षा पाढे पाठ कर. पाढे मला येतात हे त्यांनाही माहीत आहे.

मी डॉक्टरांना जाऊन सांगू का? लवकर लिही.

तुझी शंभरी

२५ जुलै १९७८

शंभरी,

तुझं पत्र मी आमच्या मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, केवढी आहे ही? मी म्हटलं, अकराची. मग नावाची गंमत सांगितली, की चार वर्षांची असताना पाहुण्यांसमोर तू एका दमात शंभरपर्यंत आकडे म्हटलेस आणि श्वास घ्यायचा राहिला म्हणून भोकाड पसरलंस, तेव्हापासून तुला घरात दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. मालक हसले. ते सहसा हसत नाहीत.

मी अजून घासायच्याच कामावर आहे. जुनी पाटी खरवडायची, अस्तर द्यायचं, वाळली की परत घासायची. अक्षरांना हात लावू देत नाहीत. काल मात्र दारांवरचे घर क्रमांक काढायला दिले. आठाचा आकडा भलता अवघड. हात जरा थबकला की लगेच कळतं.

सायकलींचं म्हणशील तर थोडी थांब. तीन वेळा म्हणजे काही फार नाही. आणखी दोन-चार वेळा बघ आणि मग बोल. घाईनं बोलून चुकलीस तर पुढच्या वेळी तुझं कुणी ऐकणार नाही. बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांनी तोंड फिरवलं तरी सांग.

दादा

१८ ऑगस्ट १९७८

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी परत गढूळ पाणी आलं. थांबायचं म्हणजे तोवर शेजारच्या बाळांनी आजारी पडायचं का, असं वाटून मी गेलेच.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कंपाउंडरकाकांकडं बघितलं आणि दोघंही हसायला लागले. पाण्याची टाकी धुतात महिन्याच्या पहिल्या सोमवारी, म्हणून पाणी गढूळ येतं. आणि लहान मुलांना लस टोचतात त्याच आठवड्यातल्या बुधवारी. एवढंच. त्या सायकली आजारी माणसांच्या नव्हत्याच.

कंपाउंडरकाकांनी ते सगळीकडं सांगितलं. आता गल्लीतली मुलं मला सायकल डॉक्टर म्हणतात. तीन दिवस मी मान खाली घालून शाळेत गेले आणि काहीच मोजलं नाही. चौथ्या दिवशी आपोआप सुरू झालं.

निघताना डॉक्टर एक बोलले. म्हणाले, तू मोजलंस ते बरोबरच होतं, अर्थ चुकीचा लावलास. दादा, अर्थ बरोबर लागलाय हे कसं ओळखायचं? ते शिकवणारी शाळा असते का?

शंभरी

३ जून १९८५

शंभरी,

बाबांशी बोलून आलो. तू वर दार लावून बसली होतीस म्हणून तुला न भेटताच निघालो, गाडीची वेळ झाली होती. त्यांचं म्हणणं एकच. मुलीला आकडे आवडतात, तर बँकेत लागू दे, संध्याकाळी घरी येईल, उन्हाची हिंडणार नाही. संख्याशास्त्र म्हणजे काय ते त्यांनी मला विचारलं आणि मलाही धड सांगता आलं नाही. शेवटी म्हटलं, बाबा, मी पाट्या रंगवतो हे तुम्हाला आवडलं नव्हतं, पण परवा स्टेशनवर उभे राहून माझीच पाटी वाचत होतात ना?  त्यावर त्यांनी विचारलं, वसतिगृहात जेवण कसं असतं?

म्हणजे तू जातेस. आईला मदत म्हणून आठवडाभर आधी सामान काढून ठेव, नाहीतर ती दोन ट्रंका भरेल.

दादा

ता. क. मी तुझी वहिनी. लग्नात आपलं बोलणं झालंच नाही, तू कोपऱ्यात बसून पाहुणे मोजत होतीस. मी बेकरीत काउंटरवर असते. कुठला पाव कधी संपतो ते मला बघूनच कळतं, पण का ते सांगता येत नाही. ते तू शिकून ये आणि मला सांग. तुझा दादा तुझी पत्रं जपून ठेवतो आणि माझी हरवतो, हेही जाता जाता कळवते.

१९ नोव्हेंबर १९९२

दादा, वहिनी,

बाबांच्या वर्षश्राद्धानंतर आज पहिल्यांदा निवांत लिहायला बसलेय. शेवटपर्यंत ते लोकांना सांगत होते, माझी मुलगी सरकारात आकडे सांभाळते. जणू मी आकड्यांची राखणदार. मी कधी दुरुस्त केलं नाही.

आता मी खरंच राखणदार झालेय. नव्या संस्थेत रुजू झाले. इथं नवीन औषधांच्या चाचण्यांचं काम चालतं. वहिनीनं विचारलंय म्हणून नीट सांगते. समजा नवं औषध आहे. ते द्यायचं आणि माणूस बरा झाला म्हणायचं, असं चालत नाही, कारण माणसं आपली आपणही बरी होतात, नाहीतर आणखी काही कारण असतं. म्हणून दोन गट करायचे. चिठ्ठी टाकून. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी साधी गोळी, तिच्यात काही नसतं. कुणाला काय मिळतंय ते रोग्याला माहीत नसतं, डॉक्टरलाही नाही. कारण कळलं की माणसाच्या मनाला वाटायला लागतं, आणि वाटणं मोजता येत नाही.

पण कुणीतरी मधून मधून बघायला हवं, की औषधानं उलट माणसं मरत तर नाहीत. ते बघणारी तीन-चार जणांची समिती असते, आणि त्यांच्यासाठी दोन्ही गटांचे आकडे काढणारा एक माणूस. ती मी. कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. जेवायला जातानाही मी ती बरोबर नेते. सुट्टीच्या दिवशी खोलीत कुणी नसतं तेव्हा त्या कपाटाकडं बघून मला जरा भीती वाटते. त्यातले आकडे म्हणजे माणसं आहेत, आणि त्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे.

वहिनी, तू म्हणशील, हिला शेवटी मनासारखं गुपित मिळालं. तसंच आहे.

शंभरी

२ मार्च २००१

शंभरी,

अक्षर माझं बघून दचकू नकोस. यापुढं पत्रं मीच लिहीन. फोनवर मला बोलता येत नाही, आवाज फुटत नाही, म्हणून फोन केला नाही.

दीड वर्षापासून यांच्या रेघा हलायला लागल्या होत्या. आधी ब्रशला नावं ठेवली, नवे ब्रश आणले. मग डोळ्यांना नावं ठेवली, चष्मा बदलला. मग एकदा कपबशी हातातून सुटली, आणि एकदा शर्टाची गुंडी लावता येईना म्हणून पाऊण तास मोरीत उभे राहिले, मला हाक मारली नाही. मोठ्या इस्पितळात पंधरा दिवस तपासण्या झाल्या. स्नायूंकडं जाणाऱ्या नसा मरत जातात असा आजार आहे. हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. किती वर्षं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता विचारायचं ते. इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. चार शहरांत मिळून चारशे माणसं घेणार आहेत. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तुझी ती साधी गोळी. हे म्हणतात, शंभरीला विचार आणि ती म्हणेल तसं करू. या महिन्याच्या वीस तारखेच्या आत सांगायचं आहे. हे तुझंच क्षेत्र. जायचं की नाही, एवढंच लिही. तू एक शब्द लिहिलास तरी मला पुरे.

वहिनी

१० मार्च २००१

वहिनी,

पत्र काल मिळालं. दादाचं सगळं वाचलं. पुढच्या आठवड्यात रजा काढून येते.

चाचणीबद्दल मला काही सांगता येणार नाही. जा असंही नाही आणि जाऊ नका असंही नाही. डॉक्टरांनी दिलेला कागद नीट वाचा, शंका त्यांनाच विचारा आणि दोघांनी मिळून ठरवा. दादाला केव्हाही मध्येच सोडता येतं, एवढं लक्षात ठेवा. हे मला पुन्हा विचारू नका.

शंभरी

२९ मार्च २००१

शंभरी,

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, दादाचे पाय चेपलेस, त्याला जुन्या गोष्टी सांगून हसवलंस. मी त्या दोन्ही दिवशी जादा पाळी मागून घेतली होती. तुला वाटलं असेल, बिचारीला कामातून सवड नाही. तसं नव्हतं. तुझ्यासमोर बसले असते तर तोंडून काय निघालं असतं याचा मला भरवसा नव्हता.

अनोळखी माणसानं स्टेशनवर रस्ता विचारला तरी आपण चार शब्द सांगतो. तू मला छापील कागद वाचायला सांगितलास. उद्या काही बरंवाईट झालं तर वहिनीनं आपल्याकडं बोट दाखवू नये, हेच ना? मोठ्या संस्थेतली माणसं अशी बोलतात हे मला माहीत आहे, पण ती तू नव्हतीस.

आम्ही सही केली. हेच म्हणाले, करून टाकू. रोज सकाळ-संध्याकाळ एक एक गोळी. पांढरी आहे. चवीला कशी लागते विचारलं तर म्हणाले, खडूसारखी.

वहिनी

१६ सप्टेंबर २००१

शंभरी,

हे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय, तेव्हा तिच्याबद्दल काही वाईट सांगता येत नाही, ही पहिली अडचण.

हात आता खांद्यापासून लोंबतात. जीभ जड झालीय, पण हिला माझं कळतं. दुकानातला पोरगेला पेंटर मधून मधून येऊन रंग कुठला घेऊ विचारतो. त्याला खरं तर माहीत असतं. मला बरं वाटावं म्हणून विचारतो आणि मला बरं वाटतं.

खिडकीशी खुर्ची टाकली आहे. समोरच्या इमारतीवर कुणीतरी भिकार पाटी लावलीय, अक्षरांमधल्या जागा सगळ्या चुकलेल्या. दिवसभर ती बघावी लागते, हा खरा आजार.

इस्पितळाबद्दल मी तुला काही लिहिणार नाही, तूही विचारू नकोस. आपल्याला बोलायला दुसरं पुष्कळ आहे. तुझं कसं चाललंय ते कळव.

दादा

(त्यांनी सांगितलं ते लिहिलं. माझं काही नाही.)

२ ऑक्टोबर २००१

दादा,

पाटीबद्दल वाचून ऑफिसात एकटीच हसले. मालकाला भेटून जागा नीट करून घे, नाहीतर मी येऊन करते.

माझं काम बदललंय. मार्चपासून मी त्वचेच्या मलमाच्या चाचणीवर आहे. हाताला खाज येते ती किती कमी झाली, असले आकडे. जुनी खोलीही बदलली. आता माझ्याकडं कसलीच किल्ली नाही, खिसा हलका झालाय. नवी खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि दुपारी ऊन थेट टेबलावर येतं. बाकीचे कुरकुरतात, मला आवडतं.

वहिनीला सांग, मी तिच्या पत्राची वाट बघते. तिच्या स्वतःच्या.

शंभरी

११ मे २००३

शंभरी,

हे गेल्याला पाच महिने झाले. तू आलीस तेव्हा घरात एवढी माणसं होती की आपण एकमेकींशी बोललो नाही हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. तुझ्या मात्र आलं असेल, आणि माझ्याही.

काल इस्पितळातून पत्र आलं. चाचणी पुरी झाली. औषध लागू पडलंय. ज्यांना मिळालं त्यांचं बळ सावकाश गेलं आणि त्यांच्यातली बरीच जास्त माणसं आज आहेत. खाली लिहिलं होतं, आपले पती साध्या गोळीच्या गटात होते, त्यांच्या सहभागाबद्दल आम्ही ऋणी आहोत.

पावणेदोन वर्षं मी ती गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. शेवटी गिळता येईना तेव्हा कुस्करून, पाण्यात कालवून, चमच्यानं. अर्धी बाहेर यायची, ती पुसून परत घालायची. ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे, तरी मी म्हणायचे, अहो, एवढी घ्या. तिच्यात काही नव्हतं.

तू म्हणाली होतीस, कपाटाची किल्ली तुझ्याकडं असते. आता सरळ सांग. तुला माहीत होतं का? तुझा दादा रोज काय गिळतो ते तुला कळत होतं, आणि तू खिडकीतल्या उन्हाबद्दल लिहीत होतीस?

वहिनी

२० मे २००३

वहिनी,

आता सांगता येतं. सगळंच सांगते.

ती चाचणी माझ्याकडंच होती. तुझं पत्र यायच्या तीन आठवडे आधी समितीची पहिली बैठक झाली. तोवर दीडशे माणसं घेतली होती. मी दोन्ही गटांचे आकडे मांडले. औषधाच्या गटात नऊ माणसं गेली होती. साध्या गोळीच्या गटात चार.

परत वाच, म्हणजे माझ्यासमोर काय होतं ते तुला कळेल. औषध घेणारी माणसं जास्त मरत होती. समितीनं मला विचारलं, हे खरं आहे की नुसता योगायोग? मी दोन दिवस गणित केलं. एवढ्या थोड्या माणसांत असा फरक नुसत्या चिठ्ठीनंही पडू शकतो, असं उत्तर आलं. खात्री नव्हती. मी लिहून दिलं, चाचणी चालू ठेवावी, चार महिन्यांनी पुन्हा बघावं. खाली माझी सही आहे.

मग तुझं पत्र आलं. मी ते दुपारच्या सुट्टीत उघडलं. पहिलं पान वाचून रडले आणि दुसरं वाचताना रडू थांबलं, कारण ती चाचणी कुठली ते मला कळलं. मी तिथंच बसून तुला लिहिलं, दादाला पाठवू नका. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. पेटीपर्यंत गेले.

ज्यांना मी ओळखत नव्हते त्या शेकडो घरांसाठी मी लिहून दिलं होतं, चालू ठेवा. त्यांच्याही बहिणी, वहिन्या होत्या. मग माझ्या भावासाठी वेगळं उत्तर कुठून आणू? आणि तुला एक शब्द जरी लिहिला असता तरी तू तो इस्पितळात रांगेत बसलेल्या बायकांना सांगितला असतास. तू सांगितल्याशिवाय राहिली नसतीस, वहिनी, आणि त्यात तुझी चूक नसती. माणसं सोडून गेली असती. औषध वाईट, असं ठरून फाइल बंद झाली असती.

मी पाकीट फाडलं. वर जाऊन साहेबांना सांगितलं, माझा भाऊ या चाचणीत येऊ शकतो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि किल्ली मागितली. त्या दिवसापासून मी त्यातला एकही आकडा पाहिला नाही. दादा कुठल्या गटात ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, नंतरही नाही. तुझं पत्र येईपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी मी तुला तो छापील वाटणारा कागद लिहिला. त्यात 'मध्येच सोडता येतं' एवढं वाक्य मी चोरून घातलं होतं. त्यापुढं जायचं धाडस झालं नाही.

पावणेदोन वर्षं मी देवाकडं एकच मागत होते, दादा साध्या गोळीत असू दे. कारण माझ्या डोळ्यांसमोर ते नऊ होते. आणि ते खरं झालं. आता कळलं की मी त्याच्यासाठी उलटं मागत होते.

मी बरोबर वागले का, हे मला अजून कळलेलं नाही. औषध बरोबर निघालं म्हणून मी बरोबर ठरत नाही, ते नऊ खरे निघाले असते तरी मी हेच केलं असतं. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

शंभरी

६ जुलै २००३

शंभरी,

तुझं पत्र येऊन महिना उलटून गेला. उत्तर लिहायला बसले आणि उठले, असं पुष्कळ वेळा झालं. नऊ आणि चार हे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. पावाच्या लाद्या मोजताना मध्येच येतात.

तुला एक माहीत नाही ते सांगते. तुझं मलमाचं पत्र मी यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, काम बदलल्याची ती ओळ परत वाच. मी परत वाचली.  मग हे एक एक शब्द काढत म्हणाले, "शंभरीनं माझ्यासाठी तिचं काम सोडलंय. तिला आता काही विचारायचं नाही." मला वाटलं, नेहमीसारखी बहिणीची बाजू घेतायत. मी तसं बोललेही. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही, तोवर मान त्यांच्या ताब्यात नव्हती.

म्हणजे आकडे सोडले तर त्यांना सगळं कळलं होतं, आणि तुला तर आकडेही माहीत होते. मधल्यामध्ये मीच एकटी चमचा घेऊन उभी होते. याचा मला राग आला. अजून येतो.

आता गेल्या आठवड्यातलं. बेकरीत गर्दी ओसरल्यावर एक माणूस आला, तिशीचा असेल, शाळामास्तर. पाव मागेना, नुसता उभा. मग म्हणाला, इस्पितळातल्या नर्सबाईंनी तुमचं नाव सांगितलं. त्याच्या बायकोला तोच आजार आहे. हात गेलेत, पाय अजून चालतायत. औषध लिहून दिलंय, पण ती घ्यायला तयार नाही. म्हणते, नवं आहे, आपल्यावर प्रयोग करतायत. त्यानं मला विचारलं, तुमच्या यजमानांनी हीच गोळी घेतली होती ना, मग ते कसे गेले?

 मी आत भट्टीशी जाऊन आले. आधी वाटलं, याला म्हणावं, मला काही सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचार. हे शब्द कुठले ते तोंडाशी आल्यावर आठवलं. पण तुला बांधलेलं होतं, मला कुणी बांधलेलं नव्हतं.

मग मी त्याला सांगितलं. "आमच्या माणसाच्या गोळीत काहीच नव्हतं. त्यांच्यासारखी माणसं नुसती गोळी घेऊन झिजत गेली, तेव्हाच कळलं की दुसऱ्या गोळीत काहीतरी आहे. तुमच्या बायकोवर प्रयोग नाही होत. तो आमच्यावर झाला. तिला म्हणावं, घे."

तो काउंटरवर हात टेकून उभा राहिला. मी हे सगळं इतक्या सरळ आवाजात बोलले की माझं मलाच नवल वाटलं. तो गेल्यावर मात्र गल्ला बंद करून मागच्या पायरीवर बसले आणि तुझा दादा गेल्यापासून जेवढी रडले नव्हते तेवढी रडले.

काल तो परत आला. तिनं सुरू केलीय.

शंभरी, तुझ्यावरचा राग पुरता गेला असं मी खोटं लिहिणार नाही. पण हे सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. येणार असशील तर सोमवारी ये, सोमवारी बेकरी बंद असते. मी घरी असेन.

वहिनी